इथे

एलएलएम, दुसरं वर्ष, विषय आरोग्य कायदा.
वर्गात सगळ्यात मोठी मी, बेचाळीस पूर्ण.
शेजारी बसतो तो मुलगा माझ्या भाच्याएवढा;
पहिल्या दिवशी मला मॅडम समजून उभा राहिला होता.

सकाळपाळी संपवून शीवहून बस धरते,
फोर्टात उतरेपर्यंत हातांचा स्पिरिटचा वास जात नाही.
झेरॉक्सची पानं फाटली की वॉर्डातली चिकटपट्टी लावते.
माझ्या नोट्स बघून कुणीतरी म्हणालं,
हे सगळे खटले ॲडमिट आहेत का?

हसले मी. आहेत खरे.

निष्काळजीपणा. काळजीचं कर्तव्य. पुराव्याचा भार.
वीस वर्षं जे हातांनी केलं
त्याला कलमं आहेत, पोटकलमं आहेत.
टिपणीस मॅडम फळ्यावर एकच शब्द लिहून तासभर बोलतात:
संमती.
दोघांची मती सारखी,
निदान त्या कागदापुरती.

तेव्हा मला सुगंधा तांडेल आठवते.

ट्रॉम्बेची. ओटीपोटात गाठ.
फॉर्म इंग्रजी, दोन पानी, मुंगीएवढी अक्षरं.
रेसिडेंटला पुढच्या केसची घाई,
मला चार सलाइनं बदलायची होती.
मी रेघेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथे."
सगळा कायदा एका शब्दात समजावला.

तिचा अंगठा उमटेना.
जन्मभर कोळंबी सोलून रेषा झिजलेल्या.
पॅडवर दाबला, कागदावर दाबला,
नुसता निळा डाग.
तिसऱ्यांदा मीच धरला तिचा अंगठा
आणि जरा फिरवला, लाटणं फिरवावं तसा.
"शाई जाईल ना सिस्टर? परवा हळद आहे भाचीची."

शुद्धीवर आल्यावर विचारलं, पिशवी ठेवली ना?
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
डॉक्टर म्हणाले, फॉर्ममध्ये होतं.
होतंच. दुसरं पान, सातवी ओळ.
मी ती ओळ वाचली सोळा वर्षांनी,
वाचनालयात, प्रबंधाला नमुना हवा म्हणून.

तिसरं प्रकरण मी तिच्यापासून सुरू केलं.
मॅडमनी समासात शिसपेन्सिलीने लिहिलं:
प्रबंधात 'मी' नको.
बरोबरच आहे.
खोडून लिहिलं, परिचारिकेने रुग्णाचा अंगठा धरला.
वाक्य कसं स्वच्छ झालं, उकळून काढलेल्या ट्रेसारखं.
कुणाचाच हात नाही त्यात.

परवा रात्रपाळीला खाट चौदावर
दामोदर पाष्टे, लिफ्टमन, साखरेचा पाय.
दोन बोटं काढायची होती.
मी खुर्ची ओढली आणि फॉर्म वाचून दाखवला,
पहिल्या ओळीपासून, मराठीत, अडखळत.
सतरा मिनिटं.
रेसिडेंट दोनदा डोकावून गेला.
'गरज पडल्यास घोट्यापर्यंत' हे पाष्ट्यांनी
पुन्हा वाचायला लावलं.
मग चष्मा काढला, पुसला, घातलाच नाही.
"हे सांगायला हवं होतं की नको, तेच कळत नाही सिस्टर.
आज सही नको."

रेसिडेंट म्हणाला, वकीलबाई, आता ऑपरेशनही तुम्हीच करा.
त्याचंही चुकत नव्हतं. बोटं काळी पडत होती.
नकार देण्याचा हक्क: दहा गुणांचा प्रश्न,
उत्तर मला तोंडपाठ.
तरी दर तासाला उठून गेले,
पांघरूण सारून, टॉर्च हाताआड धरून
काळं किती वर सरकलं ते बघत राहिले.

जागेच होते. फॉर्म घडी करून उशीखाली.
पहाटे म्हणाले, "करायचीच झाली,
तर सही करायची कुठे असते?"

माझं बोट सवयीने निघालं होतं.
मागे घेतलं.
"उजेड होऊ द्या," म्हटलं, "मग आपण परत वाचू."